माल किती आणायचा, कधी आणायचा?

आज आम्ही रेसिपी सांगायला आलेलो नाही, हिशेब सांगायला आलो आहोत. हिशेब म्हटलं की काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हा हिशेब आम्ही नुकसान सोसून शिकलो. तुमचं तेवढं नुकसान होऊ नये म्हणून पंधरा मिनिटं ऐका.

आम्ही अकरा जणी. आमचा गट कांदा-लसूण मसाला करतो. मिरची, धणे, सुकं खोबरं, तीळ, जिरं, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, हळद, हिंग असा सगळा पसारा. वर पिशव्या आणि लेबलं. बँकेचं कर्ज काढून डंक घेतला, त्याचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. मसाला विकला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच वर्षात आम्हाला दोन फटके बसले.

पहिला फटका पावसाळ्यात. जूनमध्ये आम्ही एकदम ५०० किलो धणे आणून ठेवले. ऑगस्टमध्ये पोती हलवली तर खालच्या दोन पोत्यांना ओल लागून कीड झाली होती. ८० किलो धणे फेकावे लागले. किलोला १०० रुपये भाव, म्हणजे ८,००० रुपये उकिरड्यावर गेले. त्या महिन्याचा हप्ता आम्ही घरखर्चातून काढून भरला.

त्या धसक्याने आम्ही थोडे थोडे धणे आणायला लागलो. मग दिवाळीच्या तोंडावर दुसरा फटका. एका दुकानदाराची १०० किलो मसाल्याची ऑर्डर आली आणि आमच्याकडे धणेच नव्हते. नवीन माल येईपर्यंत आठ दिवस गेले. तोवर त्याने दुसरीकडून मसाला घेतला. किलोमागे ६० रुपये सुटतात आम्हाला. म्हणजे ६,००० रुपयांचा नफा हातचा गेला, आणि त्या दुकानदाराने पुन्हा फोन केला नाही तो नाहीच.

गटाच्या बैठकीत दोन तट पडले. आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, "घरात भरलेलं असलं की चिंता नाही. आपल्या सासवा वर्षाची बेगमी करायच्या, त्या काय वेड्या होत्या?" सचिव वहिनी म्हणाल्या, "पोत्यात पैसा कोंडून ठेवायचा आणि हप्त्याला उसने मागायचे, हा कुठला शहाणपणा? लागेल तसं आणा." शब्दाला शब्द वाढला. दोघीही बरोबर होत्या आणि दोघीही चुकत होत्या. हे आम्हाला वही उघडल्यावर कळलं.

साठ्याचे दोन खर्च असतात आणि ते एकमेकांच्या उलट चालतात. पहिला खर्च खेपेचा. धणे आणायचे म्हणजे टेम्पोतला वाटा १५० रुपये, हमाली ५० रुपये आणि जी बाई बाजाराला जाते तिचा दिवस मोडतो त्याचे २५० रुपये. एका खेपेचे झाले ४५० रुपये. तुम्ही २० किलो आणा नाहीतर २०० किलो आणा, हा खर्च जवळजवळ तेवढाच. म्हणून खेपा जितक्या कमी, तितका हा खर्च कमी.

दुसरा खर्च सांभाळण्याचा. एक किलो धणे वर्षभर ठेवले तर त्यात अडकलेल्या १०० रुपयांवर १२ रुपये व्याज जातं. जागेचं भाडं, पोती, उंदीर, ओल, कीड आणि घट मिळून आम्ही १५ रुपये धरले. असे किलोमागे वर्षाला २७ रुपये. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याची पावती कुणी देत नाही. पण तो असतो. साठा जितका मोठा, तितका हा खर्च मोठा.

आता आकडे मांडू. आम्हाला वर्षाला १,२०० किलो धणे लागतात. काकींच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाचे सगळे एकदम आणले तर खेप एकच, ४५० रुपये. पण साठा सुरुवातीला १,२०० किलो आणि शेवटी शून्य, म्हणजे वर्षभर सरासरी ६०० किलो पडून. त्याचे २७ रुपयांनी १६,२०० रुपये. एकूण १६,६५० रुपये.

वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे दर खेपेला २५ किलो आणले तर सांभाळण्याचा खर्च साडेतीनशेच्याही आत. पण खेपा होतात ४८, त्यांचे २१,६०० रुपये. एकूण जवळजवळ २२,००० रुपये. बघा, काटकसर म्हणून जे करत होतो ते सगळ्यांत महाग निघालं!

मधला रस्ता पाहू. दर खेपेला २०० किलो आणले तर वर्षात सहा खेपा, त्यांचे २,७०० रुपये. सरासरी साठा १०० किलो, त्याचेही २,७०० रुपये. एकूण ५,४०० रुपये. हाच सगळ्यांत कमी आकडा. आणि एक गंमत लक्षात आली का? दोन्ही खर्च सारखे आले. ते योगायोगाने आलेले नाहीत. या हिशेबात खेपेचा खर्च आणि सांभाळण्याचा खर्च जिथे सारखे होतात, तिथेच एकूण खर्च सर्वांत कमी असतो.

हा २०० चा आकडा काढायचं सूत्र आमच्यातल्या एकीच्या मुलीने सांगितलं. ती पॉलिटेक्निकला शिकते. वर्षाची गरज घ्या, तिला एका खेपेच्या खर्चाने गुणा, आलेल्याची दुप्पट करा. त्याला एक किलो वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागा. जे येईल त्याचं वर्गमूळ काढा. आमचं असं झालं: १,२०० गुणिले ४५० म्हणजे ५,४०,०००. दुप्पट १०,८०,०००. भागिले २७, आले ४०,०००. वर्गमूळ २००. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं चिन्ह असतं, मुलांना विचारलं तर दाखवतील.

हे सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत फोर्ड हॅरिस नावाचे अभियंते होते. मोटारींचे फोर्ड ते वेगळे. हे हॅरिस विजेची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करत. १९१३ साली त्यांनी कारखानदारांच्या एका मासिकात लेख लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता: एका वेळी किती सुटे भाग बनवावेत? यंत्र एका भागासाठी जुळवायचं म्हटलं की वेळ आणि मजुरी जाते, म्हणून एकदाच भरपूर बनवावेसे वाटतात. पण बनवून ठेवले की पैसा अडकतो. आपलंही तसंच आहे ना? हळद दळल्यावर डंक पुसायचा, चाळण बदलायची, मग मिरची. ती साफसफाई म्हणजे आपली 'खेप'. पुढे १९३४ साली विल्सन नावाच्या गृहस्थांनी हीच पद्धत लिहून कारखान्यांत पोचवली, म्हणून पुष्कळ पुस्तकांत तिला विल्सनचं सूत्र म्हणतात. हॅरिस यांचा मूळ लेख मात्र कितीतरी वर्षं विस्मरणात गेला होता. आणि हे हॅरिस कॉलेजात गेलेले नव्हते. हे ऐकून आमच्यातल्या सातवी शिकलेल्या मावशी म्हणाल्या, "मग मलाही जमेल." त्यांना जमलं. आता धण्याची वही त्याच ठेवतात.

एक धीर देणारी गोष्ट. आकडा अगदी तंतोतंत पाळायची गरज नसते. २०० ऐवजी १५० किलो आणले तर वर्षाचा खर्च ५,६२५ रुपये होतो, ३०० आणले तर ५,८५० रुपये. फरक दोन-चारशेचाच. म्हणून आपले अंदाज थोडे चुकले तरी बिघडत नाही. बिघडतं ते २५ किंवा १,२०० असं टोक गाठल्यावर.

किती आणायचं ते झालं. आता कधी आणायचं?

मैत्रिणींनो, याचं उत्तर आपल्या ओट्याखालीच आहे. ज्यांच्याकडे गॅसची दोन सिलिंडरं आहेत त्या काय करतात? पहिलं संपलं की दुसरं लावतात आणि लगेच नंबर लावतात. नवं येईपर्यंत दुसरं पुरतं. मोठ्या कारखान्यांतही नट-बोल्टांसाठी हीच पद्धत असते. दोन डबे ठेवायचे, एक रिकामा झाला की मागणी करायची. मोजायला नको, लिहायला नको.

फक्त तो दुसरा डबा केवढा हवा, ते ठरवावं लागतं. आम्ही जुन्या पावत्या काढल्या. फोन केल्यापासून धणे हातात येईपर्यंत कामाचे सहा दिवस जातात. रोज लागतात चार किलो. म्हणजे निदान २४ किलो शिल्लक असताना फोन करायला हवा. पण हे झालं सगळं सुरळीत असताना. एकदा माल दहा दिवसांनी आला होता. आणि सणाच्या दिवसांत रोजचे सहा किलोही लागले होते. दोन्ही संकटं एकदम आली तर लागतील ६० किलो. म्हणून आम्ही ठरवलं, धणे ६० किलोवर आले की फोन करायचा. त्यातले २४ किलो नेहमीच्या वापराचे, उरलेले ३६ किलो राखीव.

या राखीव साठ्याचाही खर्च असतोच. ३६ किलो वर्षभर सांभाळायचे २७ रुपयांनी ९७२ रुपये. पण दिवाळीत आमचे एका दिवसात ६,००० रुपये गेले होते. त्यापुढे हे ९७२ जड वाटले नाहीत. आता वहिनीही या राखीव साठ्याबद्दल कुरकुर करत नाहीत.

मोठे कारखाने हा राखीव साठा संख्याशास्त्राने काढतात. माल यायला लागणाऱ्या दिवसांत एकूण वापर सरासरीपेक्षा किती वरखाली होतो, ते मोजतात. त्या चढउताराला प्रमाण विचलन म्हणतात. माल यायची वाट पाहताना शंभरपैकी ९५ वेळा साठा पुरायला हवा असेल तर त्या चढउताराच्या साधारण १.६५ पट माल राखीव ठेवतात. ९९ वेळा पुरायला हवा असेल तर २.३३ पट. म्हणजे शेवटच्या चार वेळांसाठी राखीव साठा ४० टक्क्यांनी वाढवावा लागतो. 'कधीच काही संपता कामा नये' हा हट्ट किती महाग पडतो, ते यावरून कळतं.

तुम्ही म्हणाल, वीस जिनसांचा एवढा हिशेब कोण करत बसणार? सगळ्यांचा करायचा नाही. आम्ही प्रत्येक जिनसावर वर्षाला किती पैसे जातात ते लिहून काढलं आणि मोठ्यापासून लहानापर्यंत यादी लावली. मिरची, धणे आणि खोबरं या तिघांतच निम्म्याहून जास्त पैसा होता. कारखान्यांतही असंच दिसतं. थोड्या वस्तूंत बहुतेक पैसा असतो आणि बाकीच्या ढीगभर वस्तूंत थोडा. म्हणून ते मालाचे अ, ब, क असे वर्ग करतात. अ वर्गाचा हिशेब काटेकोर ठेवतात, क वर्गासाठी दोन डबे पुरतात. फक्त लेबल स्वस्त आहे म्हणून त्याला विसरू नका. मसाला तयार आणि लेबल नाही, असं झालं तर माल घरातच राहतो.

आता हे सूत्र जिथे जसंच्या तसं लावू नये, त्या जागाही सांगतो.

पहिली जागा हंगामाची. सूत्र असं धरतं की भाव वर्षभर सारखा आहे. धण्याला आम्ही ते चालवून घेतो, मिरचीला चालत नाही. समजा मिरची मार्चमध्ये १८० रुपये आणि ऑगस्टमध्ये २४० रुपये किलो आहे. पाच महिने सांभाळायचा खर्च, वर्षाला ५४ रुपये धरले, तर होतो साडेबावीस रुपये. भावातला फरक ६० रुपये. म्हणजे मार्चमध्ये घेऊन, कडक उन्हात वाळवून, हवाबंद ठेवणं परवडतं. आपल्या सासवांची बेगमी हीच होती. सुगीला धान्य स्वस्त, पावसाळ्यात रस्ते बंद, मग भरून ठेवण्यात शहाणपणच होता. काकींचं मिरचीबद्दल खरं होतं, धण्याबद्दल नव्हतं.

दुसरी जागा सवलतीची. व्यापारी म्हणतो, "ताई, ५०० किलो घ्या, किलोला रुपया कमी करतो." रुपयाप्रमाणे वर्षाला १,२०० रुपये वाचतात. पण ५०० किलोने आणल्यावर खेपा आणि सांभाळणं मिळून खर्च ५,४०० वरून ७,८३० वर जातो. म्हणजे २,४३० रुपये जास्त. सौदा तोट्याचा. तोच व्यापारी तीन रुपये कमी करत असेल तर ३,६०० रुपये वाचतात, मग विचार करायला हरकत नाही. अर्थात पावसाळा तोंडावर नसेल तरच. आता आम्ही सवलत ऐकली की लगेच हो म्हणत नाही. "हिशेब करून सांगतो," म्हणतो.

तिसरी जागा सणाची. दिवाळीची चिवड्याची पाकिटं दिवाळीनंतर त्या भावाने जात नाहीत. इथे पुन्हा पुन्हा आणायचा प्रश्नच नाही, एकदाच ठरवायचं. आमचा चिवडा २०० रुपयांत पडतो, २६० ला जातो, उरला तर १८० ला काढावा लागतो. म्हणजे एक किलो कमी पडला तर ६० रुपयांचा नफा बुडतो, एक किलो उरला तर २० रुपये तोटा. नियम असा: कमी पडण्याच्या नुकसानाला दोन्ही नुकसानांच्या बेरजेने भागायचं. ६० भागिले ८०, म्हणजे पाऊण. चारपैकी निदान तीन वेळा पुरेल एवढा माल करायचा. आमच्या पाच दिवाळ्यांची मागणी होती ६०, ७०, ८०, ९० आणि ११० किलो. सरासरी ८२ येते. पण पाऊण भागाचा नियम लावला तर ९० किलो करावा लागतो. आम्ही पाचही वर्षांचा नफा मांडून पाहिला. दरवर्षी ८० किलो केला असता तर सरासरी ४,३२० रुपये, ११० केला असता तर ४,३६० रुपये, ९० ला ४,४४० रुपये. जिथे उरलेला माल फेकावाच लागतो, तिथे मात्र हेच गणित सरासरीपेक्षा कमी करायला सांगू शकतं. आपापले आकडे घालून पाहायचे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत कामाची. सूत्र सांगतं की खेपेला ४५० रुपये लागत असतील तर २०० किलो आणा. पण खेपेला ४५० रुपये लागलेच पाहिजेत, असं कुठे आहे? जपानमध्ये टोयोटा मोटारींच्या कारखान्यात ताइइची ओहनो यांनी हाच प्रश्न विचारला. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरतात, ही कल्पना त्यांनी कारखान्यात आणली. पुढच्या कामगाराने जेवढं घेतलं, तेवढ्याचं कार्ड मागे जातं आणि तेवढंच पुन्हा बनतं. त्या कार्डाला कानबान म्हणतात. पण थोडं थोडं बनवणं परवडायचं तर यंत्र जुळवायचा वेळ कमी व्हायला हवा. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. खेपेचा खर्च पावपट झाला तर एका वेळचा माल निम्मा होतो, हे वर्गमूळच सांगतं.

आम्ही टोयोटा नाही. पण शेजारच्या गावांतले आणखी तीन गट मसाला, पापड आणि लोणची करतात. चौघांनी मिळून एकच टेम्पो करायचा आणि पाळीपाळीने एकीनेच बाजाराला जायचं ठरलं. टेम्पो मोठा घ्यावा लागला, हमाली वाढली, तरी आमच्या वाट्याला खेपेचे ४५० च्या जागी २०० रुपये आले. पुन्हा सूत्र लावलं तर साधारण १३३ किलो. वर्षाला नऊ खेपा, १,८०० रुपये, आणि सांभाळायचे १,८०० रुपये. एकूण ३,६०० रुपये. आधीचे ५,४०० होते. शिवाय खोलीत पोती कमी झाली, तिथे आता पाकिटं भरायचं टेबल बसलं.

यावर्षी पावसाळ्यात आमचे धणे खराब झाले नाहीत आणि एकदाही संपले नाहीत. हप्ता गटाच्या खात्यातूनच गेला. नवीन गिऱ्हाईक काही आभाळातून पडलेलं नाही, विक्री होती तेवढीच आहे. वाचले ते पैसे आपलेच, जे आधी पोत्यांत आणि टेम्पोत जात होते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर एक दोनशे पानी वही घ्या. एका जिनसाला एक पान. तारीख, आला किती, गेला किती, शिल्लक किती, एवढेच रकाने. ज्या दिवशी फोन केला आणि ज्या दिवशी माल आला, त्या दोन तारखा तांबड्या शाईने लिहा. तीन महिने लिहिल्याशिवाय सूत्राकडे जाऊ नका, कारण वहीतले आकडेच नसतील तर सूत्रात घालणार काय? आणि लिहिणारी बाई एकच नको, दोघी हव्यात. एक माहेरी गेली तर दुसरीने लिहायचं.

काकी आणि वहिनी अजून वाद घालतात. आता तो दालचिनीवरून चालू आहे. पण आधी वही उघडतात आणि मग बोलतात. तुमच्या गटाची वही घेऊन कधीही आमच्याकडे या. चहा टाकू आणि एकत्र बसून आकडे मांडू. नमस्कार.